हा लढा जरी राहील

कोरेअप्पा कोरी पानंसुद्धा स्कॅन करतात.

लिहिलेलं पान कुणीही करतं. काचेखाली ठेवायचं, कळ दाबायची, उलटायचं. मागची बाजू रिकामी दिसली की आम्ही बाकीचे सरळ पुढच्या पानावर जातो. कोरेअप्पा जात नाहीत. ते ती रिकामी बाजू तळहाताने सपाट करतात, दुमडलेला कोपरा नखाने हळूच सोडवतात आणि कळ दाबतात. मग पडद्यावर आलेला पिवळट चौकोन डोळे बारीक करून तपासतात आणि मान हलवून म्हणतात, "जसं हाय तसं."

त्यांचं आडनावच कोरे असल्यामुळे ऑफिसात यावर जेवढे विनोद व्हायचे तेवढे होऊन गेले आहेत. "भाऊबंद भेटले वाटतं अप्पाला," असं कुणी म्हणालं तर तेही हसतात आणि पुढचं कोरं पान काचेखाली ठेवतात.

नांदेडला जुने सरकारी अभिलेख संगणकात उतरवण्याचं काम चालतं, तिथे आम्ही दोघेही कंत्राटावर आहोत. लाल फडक्यात बांधलेले बस्ते सोडायचे, गंजलेल्या टाचण्या काढायच्या, ब्रशने धूळ झाडायची, पान न पान स्कॅन करायचं आणि प्रत्येक पानाची माहिती रकान्यांत भरायची. मी इथे का आले याचा खुलासा मला घरी पुष्कळदा द्यावा लागला आहे. माझं नाव क्रांती आहे आणि ते मी ठेवलेलं नाही. माझे वडील मुखेडचे. आयुष्यभर त्यांनी पत्रकं काढली. पाण्यासाठी, एसटीसाठी, शाळेच्या छपरासाठी. मला अक्षरओळख झाली ती 'जाहीर सवाल' या दोन शब्दांपासून. सरकार म्हणजे जिथे माणूस अर्ज घेऊन जातो आणि तारीख घेऊन येतो, हे मला शाळेत जायच्या आधी पाठ होतं. अशा घरातली मुलगी सरकारी कागद सांभाळायला निघाली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "सांभाळ. पण त्यांच्यासारखी बोलायला लागू नको."

मी तशी बोलायला लागले नाही. पण कोरेअप्पांवर जळायला लागले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे माझी लेखणी तिरकी गेली तर कारण शोधावं लागणार नाही.

जळण्याची सुरुवात त्या कोऱ्या पानांवरूनच झाली. आमचे सुपरवायझर राठोड सर एकदा त्यांच्या मागे येऊन उभे राहिले.

"अप्पा, ही कोरी पानं कामून करून राहिले? डिस्क भरून चाललीय."

"सर, कोरं हाय ह्याचा बी पुरावा लागतो."

"कोऱ्याचा पुरावा?"

"उद्या कुणी आलं, म्हणलं हितं मागं माझ्या आज्याचं नाव लिव्हलेलं होतं, तुमी खोडलं. मग? दाखवता यायला पाहिजे न्हवं, की बाबा, हितं काईच नव्हतं."

राठोड सर आपल्या टेबलाकडे वळले. मी माझ्या खुर्चीत बसून पेटले. हे वाक्य माझ्या पत्रकात असायला हवं होतं. सत्तेला कोऱ्या पानाचाही हिशेब द्यावा लागला पाहिजे, हे ज्या मुलीने म्हणायचं ती टाचण्या काढत बसली होती, आणि म्हणून गेला तो उदगीरच्या साडीच्या दुकानातून पळून आलेला, कपाळाला भस्माचे पट्टे लावणारा, आयुष्यात एकाही मोर्चात न गेलेला पन्नाशीचा माणूस.

ते संगणकाशी कानडीत बोलतात. उदगीरच्या बाजूला घराघरांत कानडी आहेच, पण माणसांशी ते मराठीच बोलतात. कानडी फक्त यंत्रासाठी राखून ठेवलेली. फाइल सरकेनाशी झाली की "बारो, बारो" म्हणून तिला बोलावतात, आणि मशीन गरम झालं की "निल्लु" म्हणून थांबवतात. "मराठीत सांगितलेलं त्याला पटत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. गंमत अशी की मशीन त्यांचं ऐकतं. माझं ऐकत नाही. माझ्या स्कॅनमध्ये हमखास माझा अंगठा येतो.

सगळ्या कामाची एक प्रत दुसऱ्या गावी असावी असा नियम आहे. आमची लातूरला असते. ती हार्ड डिस्क कुरियरने पाठवता येते, पण अप्पा ती स्वतः घेऊन जातात. स्टीलच्या डब्यात, भोवती जुन्या धोतराचा मऊ तुकडा गुंडाळून, एसटीत खिडकीच्या बाजूला, मांडीवर. एकदा मी सोबत होते. कंडक्टरने विचारलं, "काका, डब्यात काय हाय? सांडायचं काही न्हाई ना?" अप्पा म्हणाले, "ह्यात तुमचं गाव बी असंल." कंडक्टरने तो डबा दोन्ही हातांनी जरा सरळ करून ठेवला. असल्या गोष्टी त्यांच्याच बाबतीत घडतात. लातूरहून परतताना ते मुलीला सासरी सोडून आल्यासारखे गप्प होते.

तर अशा माणसाच्या हाती माझ्या बाबांचं पत्रक लागलं.

हे कसं झालं ते सांगते. बाबांकडे स्वतःचं एकही पत्रक नाही. "पत्रक जपायचं नसतं, वाटायचं असतं. घरात उरलं तर ती रद्दी," हा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे मुखेडच्या घरात त्यांच्या लढ्यांचा कागदी पुरावा शून्य. मला मात्र आशा होती की सरकारी कागदांत कुठे तरी एखादं अडकलेलं असेल. आपण ते शोधायचं, बाबांसमोर ठेवायचं. मग ते माझ्याकडे एकदा तरी नीट बघतील.

नीट म्हणजे काय तेही सांगते. मीही पत्रकं लिहिते. लिहिलं की पहिली प्रत बाबांना देते. बाबा पहिल्या घडीपर्यंत वाचतात, "लांब झालंय. पत्रक उभ्या उभ्या वाचता आलं पाहिजे," म्हणतात आणि चहाची बशी त्याच्यावर ठेवतात. माझं एकही पत्रक त्यांनी शेवटपर्यंत वाचलेलं नाही. मोठ्या लोकांनी कौतुक केलेलं पत्रकसुद्धा नाही. तेवढंच मला हवं होतं. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत यावं. आवडलं नाही तरी चालेल.

आणि पत्रक सापडलं ते अप्पांना. मुखेडच्या कुठल्याशा जुन्या नस्तीत, 'सोबत पत्रक' असा शेरा मारून, टाचणीला लावलेलं. सरकारने बाबांच्या मागणीचं काही केलं नव्हतं, पत्रक मात्र जपून ठेवलं होतं.

"ताई, हे तुमच्या भाऊंचं न्हवं?"

बाबांना सगळे भाऊच म्हणतात. खाली त्यांचंच नाव होतं. मी वाचायला लागले तोच अप्पांनी बोट ठेवलं शेवटच्या वाक्यावर. तिथे छापलं होतं: 'हा लढा जरी राहील.'

"जारी," मी म्हणाले. "छपाईची चूक आहे. हा लढा जारी राहील."

"पण लिव्हलंय जरी."

"अप्पा, 'जरी राहील' याला अर्थ काय?"

"अर्धा अर्थ हाय की. जरी आलं म्हणजे पुढं तरी येणार. 'हा लढा जरी राहील, तरी' असं कायतरी. म्हणजे ह्याचं पुढचं पत्रक असणार. जोडीचं." त्यांनी नस्ती उलटीपालटी केली. "ते हितं न्हाई. कुठं गेलं?"

राठोड सरांनी लांबून ऐकलं आणि विचारलं, "जरी? साडीचं पत्रक हाय का, अप्पा?"

अप्पा हसले नाहीत. जोडीतला एक कागद हरवला की त्यांना जेवण जात नाही. मी परत सांगितलं की ही चूक आमच्या घरातली जुनी गोष्ट आहे. मुखेडच्या छोट्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून छापायचे. अक्षराचा खिळा वेगळा, कान्याचा वेगळा. पत्रक शेवटाला येईपर्यंत काने संपत आले, उरलेला एक 'राहील'ला गेला आणि 'जारी'चं 'जरी' झालं. बाबा हे सांगून आम्हाला हसवायचे.

"पुरावा?" अप्पा म्हणाले.

माझा संताप झाला. "माझे वडील जिवंत आहेत, अप्पा. हा घ्या नंबर. विचारा त्यांनाच."

ते फोन घेऊन कोपऱ्यात गेले. एका मिनिटाचं काम. मी टाचण्या काढत राहिले. बस्ता संपला तरी अप्पा कोपऱ्यातच. आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नवी डिस्क मिळाल्यासारखा आनंद होता.

"भाऊ म्हणले, पुढचं पत्रक होतं म्हणून. 'तरी'चं."

माझे बाबा खोटं बोलले होते. ज्या माणसाने मला मारकुट्या शिक्षकासमोरही खरं बोलायला लावलं, तो माणूस एका अनोळखी कारकुनाशी फोनवर साफ खोटं बोलला होता.

शनिवारी मी मुखेडला गेले. आई गेल्यापासून बाबा एकटेच असतात. मी आत गेल्या गेल्या विचारलं.

"बाबा, कुठलं 'तरी'?"

ते चष्मा पुसत बसले. "अगं, तो म्हणला, भाऊ, पुढं काय झालं? जन्मभर पत्रकं वाटली मी. 'काय मागून राहिले' ते समद्यांनी इचारलं. पुढं काय झालं, असं कुणी इचारलंच न्हाई कधी. त्याला कसं सांगू, काई झालं न्हाई, काने संपले म्हणून?"

"म्हणून खोटं?"

"तुझ्या कोरेअप्पाचा आवाज बरा हाय," बाबा म्हणाले.

तिथून ते सुरूच झालं. रोज डब्याच्या वेळेला अप्पा एक पोळी कमी खायचे आणि कोपऱ्यात जायचे. "भाऊ, एक खुलासा पाहिजे होता," अशी सुरुवात. त्या दुसऱ्या पत्रकाचा कागद कुठल्या रंगाचा होता? घडी उभी का आडवी? वाटलं कुणी, बाजारात का एसटी स्टँडवर? बाबा प्रत्येक खुलासा करत होते. ज्या माणसाने भस्मवाल्यांशी जन्मभर वाद घातले त्याला या भस्मवाल्याचं काहीच खटकत नव्हतं. मी संध्याकाळी फोन केला की मला मिळायचं, "हं. बरं. जेवली का? ठेवतो." शेजारच्या काकू सांगायच्या की भाऊ आजकाल जेवणाआधी दाढी करतात आणि फोन समोर ठेवून बसतात.

दुपारी माझ्याच शेजारच्या टेबलावरचा माणूस माझ्या वडिलांना हसवायचा. ते हसणं मला फोनबाहेर ऐकू यायचं. मी तेव्हा माझं नवं पत्रक लिहीत होते. विषय असा, की संगणकात गेलेले हे सगळे कागद सामान्य माणसाला फुकट बघता आले पाहिजेत. कोऱ्या पानाचं ते वाक्य मी त्यात घातलं होतं, माझ्या शब्दांत. रागाने लिहिल्यामुळे ते चांगलं झालं होतं. ते बाबांना दिलं. पहिली घडी, "लांब झालंय," आणि बशी.

मग अप्पांनी जाहीर केलं, "रविवारी मुखेडला येतो म्हणलं भाऊंना. ते 'तरी'चं पत्रक घरात कुठंतरी असंल. मिळून हुडकतो."

बाबांची तारांबळ उडाली. मी पोचले तेव्हा ते पाटावर कागद घेऊन बसले होते. हे सिद्धांतवादी गृहस्थ हरवलेलं पत्रक नव्याने लिहू पाहत होते. 'हा लढा जरी राहील, तरी' एवढं लिहून झालं होतं. पुढे काही सुचत नव्हतं.

"तरी काय?" त्यांनी मलाच विचारलं.

"तरी खोटं बोलू नये," मी म्हणाले.

मी मनाशी ठरवलं होतं. अप्पा आले की दोघांच्या तोंडावर खरं सांगायचं. त्यात तत्त्व होतं, हे कबूल. पण तत्त्वाच्या मागे दुसरंही काही होतं: हे फोन बंद व्हावेत आणि माझे बाबा मला परत मिळावेत.

अप्पा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात उदगीरहून मागवलेला पेढ्यांचा पुडा. बाबांच्या पाया पडू की हात मिळवू अशा घोळात दोन्ही अर्धवट झालं. चहा झाला. अप्पांनी खोलीभर नजर फिरवली. "भाऊ, करू या सुरुवात?"

"अप्पा," मी म्हणाले, "काही शोधायचं नाही. दुसरं पत्रक नव्हतंच. ते 'जारी' आहे. काने संपले होते."

बाबा खाली बघायला लागले. अप्पांनी हातातली बशी हळूच खाली ठेवली.

"ताई, मला म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासनं. त्याच्या खाली 'आपला नम्र' हाय, त्याचं 'आपल नम्र' झालंय. काने संपले हे दिसतंय की."

बाबांनी मान वर केली. "आणि मी खोटं बोलून राहिलो, ते?"

"त्ये बी कळत होतं, भाऊ. सोमवारी कागद गुलाबी होता, बुधवारी पिवळा झाला."

"मग रोज कामून इचारत होते?"

अप्पांनी रुमाल काढला, उलगडला, पुन्हा त्याच घड्यांवर घातला. "ताई डबा खाताना तुमच्या गोष्टी सांगायच्या. बाबा असं भांडतेत, बाबा तसं बोलतेत. म्हणलं आपण बी एकदा बोलावं. पण उगंच कसा करावा फोन? कायतरी काम पाहिजे न्हवं."

मग तेच पुढे बोलत राहिले. त्यांना इतकं बोलताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

"आमच्या दुकानात वडील गिऱ्हाइकाशी लई बोलायचे. हा काठ, तो पदर, लेकीचं लगीन कधी. माझ्याशी कामाचं तेवढं. कात्री दे. ठाण उचल. कात्री दिली की बोलणं संपलं. मग मी काय करायचो, कात्री लपवून ठेवायचो. म्हणजे इचारायचे, कुठं ठेवली रं. मग हुडकायचो दोघं मिळून. तेवढाच येळ जायचा सोबत." ते जरासे हसले. "पुढं मी दुकान सोडलं, त्यांनी बोलणं सोडलं. आता ते न्हाईत. भाऊ म्हणले दुसरं पत्रक होतं, तर म्हणलं बरं झालं. हुडकायला हाय कायतरी."

बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मग आता उद्यापासून," एवढंच म्हणाले आणि थांबले.

मला हवं होतं ते झालं होतं. फोन करायला कारण उरलं नव्हतं. आणि माझ्यासमोर दोन म्हातारपणाकडे निघालेले पुरुष असे बसले होते की एकाने उठावं कसं आणि दुसऱ्याने थांबवावं कसं, हे दोघांनाही येत नव्हतं.

अप्पांची नजर पाटावर गेली. तिथे माझं पत्रक होतं, वर बाबांची बशी. त्यांनी बशी उचलली, चहाचं वर्तुळ रुमालाने टिपलं आणि वाचायला लागले. उभ्या उभ्या. पहिलं पान, दुसरं, तिसरं. कोऱ्या पानाच्या वाक्यापाशी थांबले असतील तर चेहऱ्यावर दाखवलं नाही. संपवलं आणि घडी घालून बाबांच्या हातात दिलं.

"भाऊ, ह्यात एक चूक हाय."

"कुठं?" मी आणि बाबा एकदमच म्हणालो.

"आत्ता न्हाई सांगत. उद्या डब्याच्या वेळेला फोन करतो. तवर तुमी हुडकून ठेवा."

"हुडकतो की," बाबांनी चष्मा चढवला. "माझ्या हातनं चूक सुटत न्हाई."

मी अप्पांना स्टँडवर सोडायला गेले. नांदेडची गाडी लागलेली होती. मला राहवलं नाही.

"अप्पा, चूक कुठे आहे?"

"बगू," ते म्हणाले. "भाऊंना सापडली तर असंल."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते पायरीवर चढले, खिडकीची जागा धरली आणि तिथून वाकून म्हणाले, "पुढचं लवकर लिवा, ताई. ह्या पत्रकावर लई दिवस निघायचे न्हाईत."

गाडी गेली. इतकी वर्षं मी चांगलं लिहून, भांडून, रुसून जे मिळवू पाहत होते ते या माणसाने नसलेल्या एका चुकीवर मिळवून मला देऊन टाकलं होतं. आभार मानायचे राहून गेले. खरं सांगायचं तर सुचलेच नाहीत. मी तिथे उभी राहून त्याच्यावर आणखी एकदा जळत होते.

घरी आले तर बाबा दारातल्या उजेडात बसले होते. हातात माझं पत्रक, तिसरं पान, ओळीखाली सरकणारं बोट.

"बाबा, चहा ठेवू?"

"थांब जरा," त्यांनी मान वर केली नाही. "वाचून राहिलो."